महाविद्यालयीन रेडिओ आणि पर्यायी रॉक : 'आर. ई. एम.' या अमेरिकी बँडची वाटचाल (१९८०–२०११)

प्रस्तावना

आधुनिक संगीताच्या चर्चेत 'पर्यायी' हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणजेच पर्यायी रॉक या नावाने जे संगीत ओळखले गेले, त्यात कर्कश गिटार आहे तसे मृदू मेंडोलिनही आहे. उघड राजकीय भाष्य आहे तसे अर्थाचा थांग न लागणारे पुटपुटणेही आहे. केवळ स्वर, ताल आणि वाद्ये यांच्या आधारे या प्रकाराची व्याख्या करू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. हा पर्याय नेमका कशाला होता आणि तो कोणी उभा केला, असा प्रश्न मग इतिहासाच्या अभ्यासकाला विचारावा लागतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा एका बँडच्या कारकिर्दीच्या आधारे घेतला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये स्थापन झालेला आणि २०११ मध्ये विसर्जित झालेला 'आर. ई. एम.' हा तो बँड होय. पर्यायी रॉक ही मुळात वितरणाची एक व्यवस्था होती. शैली म्हणून तिला नाव नंतर मिळाले, आणि या व्यवस्थेचा कणा महाविद्यालय हा होता, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. येथे महाविद्यालय म्हणजे वर्ग, परीक्षा आणि पदव्या एवढेच अभिप्रेत नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेले रेडिओ केंद्र, आवाराबाहेरचे रेकॉर्डचे दुकान, कमी भाड्याची पडकी घरे आणि दर वर्षी नव्याने येणारा तरुण श्रोता हे सारे त्यात येते. संस्थेने जे कधी योजले नव्हते आणि ज्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात झाली नाही, ते तिच्या सावलीत कसे वाढले, हा या कथेतील महत्त्वाचा भाग आहे. अध्यापकवर्गाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. परंतु संस्थेच्या आवारात काय घडू द्यावे आणि काय विकून टाकावे, हा प्रश्न कोणत्याही देशातील महाविद्यालयाला चुकलेला नाही.

दहा वॉटचा परवाना

अमेरिकेत १९४५ साली एफ. एम. रेडिओसाठी नवा पट्टा निश्चित करण्यात आला, तेव्हा त्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी, मुख्यतः शैक्षणिक प्रसारणासाठी राखून ठेवला गेला. १९४८ मध्ये तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने शैक्षणिक संस्थांना केवळ १० वॉट शक्तीच्या केंद्रांचे परवाने देण्यास प्रारंभ केला. दहा वॉटमध्ये आवाज फार तर गावाच्या वेशीपर्यंत पोहोचणार. परंतु खर्चही तितकाच अल्प. त्यामुळे पुढील तीस वर्षांत शेकडो महाविद्यालयांच्या तळघरांत आणि माळ्यांवर अशी केंद्रे उभी राहिली. १९७८ मध्ये आयोगाचे धोरण पालटले. शक्ती १०० वॉटपर्यंत वाढवा, अन्यथा वारंवारतेचे संरक्षण गमवा, असा तो निर्णय होता. तो छोट्या केंद्रांच्या मुळावर येईल अशी भीती होती आणि काहींच्या बाबतीत ती खरीही ठरली. पण ज्या संस्थांनी पैसा घालून केंद्र टिकवले, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती ऐन १९८० च्या उंबरठ्यावर अधिक दूरवर पोहोचणारे माध्यम आले.

याच सुमारास व्यापारी रेडिओची स्थिती नेमकी उलट होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहुतेक व्यापारी केंद्रांची गाण्यांची यादी सल्लागार ठरवू लागले होते. श्रोत्याने केंद्र बदलू नये एवढाच त्या यादीचा हेतू असे. साहजिकच नव्या, अपरिचित गाण्याला तीत जागा नव्हती. महाविद्यालयीन केंद्राला जाहिरातदार नव्हता, म्हणून श्रोता टिकवण्याची सक्तीही नव्हती. निवेदक एकोणीस-वीस वर्षांचा, बिनपगारी आणि आपल्या आवडीविषयी कमालीचा हट्टी. त्याने रात्री दोन वाजता काय वाजवले याची विचारपूस करायला कोणी येत नसे. (ही बेफिकिरी प्रशासनाच्या दृष्टीने दोष असेल, संस्कृतीच्या इतिहासात मात्र तिचे मोल मोठे आहे.) सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या 'सी. एम. जे.' या नियतकालिकाने देशभरातील अशा केंद्रांकडून वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या मागवून त्यांची क्रमवारी छापण्यास सुरुवात केली. विखुरलेल्या केंद्रांचे जाळे झाले ते या क्रमवारीमुळे. एका गावातील निवेदकाला दुसऱ्या टोकाच्या गावातील निवेदक काय वाजवतो हे कळू लागले, आणि या संगीताला 'कॉलेज रॉक' हे पहिले नाव मिळाले. 'ऑल्टरनेटिव्ह' हा शब्द सर्रास रूढ झाला तो पुढे.

अथेन्स

जॉर्जिया विद्यापीठाला सनद मिळाली ती १७८५ साली. अमेरिकेतील सर्वांत जुन्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी ते एक होय. त्याच्या आवारातील डब्ल्यू. यू. ओ. जी. हे विद्यार्थी रेडिओ केंद्र १९७२ पासून ९०.५ मेगाहर्ट्झवर सुरू आहे. या विद्यापीठाच्या कला विभागातील विद्यार्थ्यांचा अथेन्समधील संगीताशी घनिष्ठ संबंध आला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'द बी-५२ज' या बँडने घरगुती मेजवान्यांत गायला सुरुवात केली आणि अल्पावधीतच न्यूयॉर्क गाठले. १९७९ मध्ये कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी 'पायलॉन' हा बँड काढला. त्याच्या ड्रमवादकाच्या राहत्या माळ्यावर छताला लटकणाऱ्या एकुलत्या दिव्यावरून '४० वॉट क्लब' हे नाव पडले. गावाबाहेरच्या कोणाची मान्यता मिळवण्याआधीच आपसांत एकमेकांसाठी वाजवायचे, असा रिवाज अथेन्समध्ये 'आर. ई. एम.' च्या आधीच रुळलेला होता.

पीटर बक हा 'वक्सट्री' या रेकॉर्डच्या दुकानात काम करीत असे. मायकेल स्टाइप हा कला विभागाचा विद्यार्थी तेथील गिऱ्हाईक. पॅटी स्मिथ, 'टेलिव्हिजन', 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' अशा, तेव्हा फारशा न खपणाऱ्या कलावंतांच्या रेकॉर्ड दोघांनाही हव्या असत. ओळख झाली ती त्यातून. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघे मेकन गावी शाळेत असल्यापासून एकत्र वाजवीत होते आणि शिक्षणासाठी अथेन्सला आले होते. बक आणि स्टाइप ऑकोनी रस्त्यावरील एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये भाड्याने राहत. ५ एप्रिल १९८० रोजी तेथेच एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी पहिल्यांदा लोकांपुढे वाजवले. नाव नंतर ठरले, तेही शब्दकोश उघडून सहज हाती लागेल ते. विद्यापीठातले शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. अध्यापकांच्या लेखी ही गळतीच होय.

१९८१ मध्ये 'रेडिओ फ्री युरोप' हे त्यांचे पहिले गाणे 'हिब-टोन' या अगदी लहान कंपनीने काढले. सुरुवातीच्या प्रती सुमारे १,००० होत्या. उत्तर कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथे मिच ईस्टर यांच्या घरच्या गॅरेजमधील स्टुडिओत त्याचे मुद्रण झाले होते. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपाकडे प्रसारण करणाऱ्या केंद्राचे नाव या गाण्याला दिलेले होते. गाण्याचे शब्द मात्र कोणालाच नीट ऐकू येत नव्हते. तरीही, किंबहुना म्हणूनच, महाविद्यालयीन केंद्रांनी ते उचलून धरले. चौघे जण एका जुन्या व्हॅनमधून दक्षिणेतील गावोगाव फिरू लागले. रात्री पिझ्झाच्या दुकानात किंवा बारमध्ये कार्यक्रम करावा आणि जमेल तेथे स्थानिक विद्यार्थी केंद्रात जाऊन बोलावे, असा या फिरस्तीचा क्रम असे. त्या वाटेवरची बहुतेक ठाणी विद्यापीठांची गावे होती. तमाशाच्या फडाचा फिरतीचा मार्ग जसा जत्रांच्या तिथींवरून ठरे, तसा या बँडचा मार्ग रेडिओच्या मनोऱ्यांवरून ठरत गेला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

१९८२ मध्ये 'आय. आर. एस. रेकॉर्ड्स' या कंपनीशी करार झाला. ही कंपनी धड स्वतंत्र नव्हती आणि धड मोठीही नव्हती. तिचे मालक माइल्स कोपलंड हे 'द पोलीस' या विख्यात बँडचे व्यवस्थापक, आणि तिच्या रेकॉर्डचे वितरण मोठ्या कंपनीकडून होई. पर्यायी संगीताचा इतिहास लिहिताना 'स्वतंत्र विरुद्ध व्यापारी' अशी सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती त्या रेघेवर बसत नाही, हे या कराराच्या निमित्ताने नोंदवणे आवश्यक आहे.

पुटपुटण्यातील दक्षिण

एप्रिल १९८३ मध्ये आलेला 'मर्मर' हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम. कंपनीने आधी एका निर्मात्याकडून काटेकोर तालयंत्रावर आणि सिंथेसायझरच्या जोडीने एक गाणे करून पाहिले होते; बँडने ते नाकारले आणि मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्यासह शार्लट येथे आपल्या पद्धतीने मुद्रण केले. अल्बम अमेरिकेच्या विक्री-यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. मात्र 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या समीक्षकांनी १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याचीच निवड केली. त्या वर्षभर मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' जगभर गाजत होता हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. विक्री आणि प्रतिष्ठा यांच्यातील फारकत येथे प्रथमच इतकी ठळकपणे दिसली. प्रतिष्ठा देणारा वर्ग कोण होता? बहुतांशी महाविद्यालयीन वृत्तपत्रे आणि रेडिओ केंद्रे यांतून वर आलेली समीक्षकांची पिढी.

'मर्मर' च्या मुखपृष्ठावर एक वेलींनी गिळलेले रान आहे. ही वेल म्हणजे कुडझू. मूळची पूर्व आशियातील ही वनस्पती १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकेत मांडली गेली आणि १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारनेच ती दक्षिणेत लावली. पुढे ती आवरेना. आपल्याकडे गाजरगवताचे जे झाले, तेच तिथे कुडझूचे. जुनी घरे, विजेचे खांब आणि पडीक शेते झाकून टाकणारी ही वेल मुखपृष्ठावर घेण्यात दक्षिणेविषयीचे एक विधान होते. यादवी युद्धाच्या पराभवाचे गोडवे, आघाडीचे ध्वज आणि शौर्यगाथा यांवर पोसलेला 'दक्षिणी रॉक' सत्तरच्या दशकात लोकप्रिय होता. 'आर. ई. एम.' ची दक्षिण निराळी होती : ओसाड रेल्वेपूल, विक्षिप्त म्हातारे, स्वप्नदर्शी धर्मोपदेशक. १९८४ च्या 'रेकनिंग' चे मुखपृष्ठ जॉर्जियातील लोकचित्रकार आणि धर्मोपदेशक हॉवर्ड फिन्स्टर यांनी स्टाइपच्या जोडीने केले. १९८५ च्या तिसऱ्या अल्बमचे नाव 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' असे ठेवले गेले. इतिहासाच्या अध्यापकाला या नावावर थांबावेच लागते. १८६५ ते १८७७ हा अमेरिकी इतिहासातील 'पुनर्रचने'चा कालखंड. मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व देण्याचा आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडण्याचा हा काळ. या कालखंडाविषयी दक्षिणेतील गोऱ्यांनी रचलेल्या दंतकथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तकांतून शिकवल्या जात होत्या. 'फेबल्स' म्हणजे दंतकथा हा शब्द त्या संदर्भात नेमका आहे.

नाव नेमके असले, तरी अल्बममधील गाणी त्या प्रश्नाच्या आत जात नाहीत, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. लंडनमध्ये, घरापासून दूर, निर्माते जो बॉइड यांच्याबरोबर केलेल्या या अल्बममध्ये आगगाड्या आहेत, नकाशे आहेत, गावातल्या वल्ली आहेत. दक्षिणेचा वर्णद्वेष जवळपास नाही. ज्या विद्यापीठाच्या छायेत हा बँड वाढला, तेथे शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९६१ साली न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळाला होता आणि तेव्हा आवारात दंगल झाली होती. बँडच्या पहिल्या कार्यक्रमापूर्वी जेमतेम एकोणीस वर्षे आधीची ही घटना. अथेन्समधील ज्या मोकळेपणाचे कौतुक केले जाते, तो मोकळेपणा बव्हंशी गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांचा होता. महाविद्यालयीन रेडिओने व्यापारी यादीला पर्याय दिला, पण आवारातील वर्णव्यवस्थेला दिला नाही. पर्यायी रॉकच्या गौरवपर इतिहासलेखनात हा मुद्दा सहसा तळटीपेत ढकलला जातो. त्याची जागा मुख्य मजकुरात आहे.

शब्द हळूहळू स्पष्ट होत गेले. १९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट' मध्ये निर्माते डॉन गेमन यांनी स्टाइपला आवाज पुढे आणण्यास भाग पाडले. रेगन राजवटीच्या मध्य अमेरिकेतील धोरणावरचा रोष आता ऐकू येऊ लागला. एका गाण्याच्या नावातच ग्वाटेमाला आहे. १९८७ च्या 'डॉक्युमेंट' मधील मॅकार्थीवरच्या गाण्यात तर १९५४ च्या सिनेट सुनावणीचे मूळ ध्वनिमुद्रणच वापरले आहे. अभिलेखागारातील साधन थेट लोकप्रिय गीतात येण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय. याच अल्बममधील 'द वन आय लव्ह' हे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेले. प्रेमगीत समजून लोकांनी ते एकमेकांना अर्पण केले. वास्तविक ते माणसांचा वापर करून घेण्याविषयीचे कठोर गाणे आहे. शब्द ऐकू येऊ लागल्यावरही अर्थ पोहोचतोच असे नाही.

मोठ्या कंपनीत

१९८८ मध्ये बँडने 'आय. आर. एस.' सोडून 'वॉर्नर ब्रदर्स' शी करार केला. परदेशांत आपल्या रेकॉर्डचे वितरण नीट होत नाही ही त्यांची तक्रार होती आणि कलात्मक निर्णयांचे स्वातंत्र्य कायम राहावे ही त्यांची अट. 'ग्रीन' हा पहिला वॉर्नर अल्बम ८ नोव्हेंबर १९८८ रोजी, म्हणजे अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी, हेतुपुरस्सर प्रकाशित करण्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'बिलबोर्ड' या व्यापारी नियतकालिकाने 'मॉडर्न रॉक' अशी स्वतंत्र क्रमवारी सुरू केली होती. थोड्याच काळात 'ऑरेंज क्रश' हे या अल्बममधील गाणे तिच्या अग्रस्थानी आले. एका दशकापूर्वी विद्यार्थ्यांच्या हौसेतून निघालेल्या यादीची ही व्यापारी आवृत्तीच म्हणावी लागेल. जे बाहेर होते त्याला आत नाव, रकाना आणि क्रमांक मिळाला.

१९८९ ची जगप्रदक्षिणा सुमारे अकरा महिने चालली. त्यानंतर थकलेल्या चौघांनी पुढील दोन अल्बमसाठी दौराच केला नाही, आणि गंमत अशी की त्यांचे सर्वाधिक गाजलेले अल्बम हेच दोन. बक मेंडोलिन शिकत असता सुचलेल्या एका सुरावटीतून 'लूझिंग माय रिलिजन' हे गाणे तयार झाले. आपल्याकडे त्याच्या नावावरून ते नास्तिकतेविषयी असल्याचा समज होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत हा वाक्प्रचार संयम सुटणे, सहनशक्ती संपणे या अर्थाने वापरला जातो. गाण्यात चटकन लक्षात राहील असे धृपदही नाही. तरी १९९१ मध्ये ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले आणि 'आउट ऑफ टाइम' हा अल्बम अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर.

या यशात एका भारतीयाचा वाटा आहे. गाण्याची चित्रफीत दिग्दर्शित केली ती जालंधरला जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात शिकलेल्या तरसेम सिंग यांनी. गार्सिया मार्केझच्या पंखवाल्या म्हाताऱ्याची कथा, कारावाज्जोचा छायाप्रकाश आणि आपल्याकडच्या कॅलेंडरांवरील देवदेवतांची भडक, सजवलेली चित्रचौकट यांचा मेळ त्यांनी घातला. किराणा दुकानाच्या भिंतीवरचे दिनदर्शिकेचे चित्र ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला ही चित्रफीत पाहताना ओळख पटल्यावाचून राहत नाही. १९९१ च्या एम. टी. व्ही. पुरस्कारांत तिला वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीसह एकूण सहा पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी स्टार टी. व्ही. या उपग्रह वाहिनीसमूहाबरोबर एम. टी. व्ही. आशियात आली, आणि मुंबई-पुण्यातील घराघरांत केबलच्या तारा पोहोचत गेल्या तशी ही गाणी येथेही आली. येथील तरुणांपर्यंत पर्यायी रॉक पोहोचला तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरून, महाविद्यालयीन रेडिओचा टप्पा वगळून. भारतात शैक्षणिक संस्थांना रेडिओ केंद्राचा परवाना देण्याचे धोरण २००२ च्या अखेरीस आले आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे पहिले केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाले. रात्री दोन वाजताचा तो हट्टी निवेदक आपल्या विद्यापीठांनी कधी पाहिलाच नाही.

१९९२ च्या ग्रॅमी समारंभात 'आउट ऑफ टाइम' ला सर्वोत्तम पर्यायी संगीताच्या अल्बमचा पुरस्कार मिळाला. त्याच जानेवारीत 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' मायकेल जॅक्सनच्या अल्बमला मागे सारून पहिल्या स्थानी गेला होता. पर्याय हाच आता मुख्य प्रवाह झाला. 'आउट ऑफ टाइम' चे पहिले गाणे मात्र रेडिओवर काहीच ऐकण्याजोगे उरले नाही अशी तक्रार करते, आणि त्यात के. आर. एस.-वन या कृष्णवर्णीय रॅप गायकाचा सहभाग आहे. रेडिओने घडवलेल्या बँडने यशाच्या शिखरावर रेडिओविषयी तक्रार करावी, हा विरोधाभास सहज घडलेला नसावा. याच अल्बमच्या वेष्टनावर मतदार नोंदणी सुलभ करणाऱ्या विधेयकाच्या समर्थनाचे छापील पत्र होते; खरेदीदाराने सही करून ते आपल्या सिनेटरला पाठवावे अशी योजना होती. अध्यक्ष बुश यांनी १९९२ मध्ये नकाराधिकार वापरून अडवलेले ते विधेयक मे १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाले. श्रेय अर्थातच अनेक संघटनांचे. परंतु व्यापारी वेष्टनाचा असा नागरी उपयोग विरळाच.

१९९२ च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' ला नाव मिळाले ते अथेन्समधील 'वीव्हर डीज' या साध्या खाणावळीच्या घोषवाक्यावरून. मृत्यू, वार्धक्य आणि स्मृती यांविषयीचा हा संथ अल्बम प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे सर्वोत्तम काम होय. जगभर खपणाऱ्या वस्तूवर कोपऱ्यावरच्या खाणावळीची पाटी लावण्यात गावाशी असलेले नाते दिसते. 'बी-५२ज' गेले, हे गेले नाहीत. व्यवसायाची कचेरी अथेन्समध्येच राहिली. जॉर्जिया विद्यापीठातच कायद्याचे शिक्षण घेतलेले बर्टिस डाउन्स अखेरपर्यंत त्यांचे सल्लागार राहिले.

चौघे, मग तिघे

कंपनी बदलली, श्रोता बदलला, ध्वनीही बदलला. एक गोष्ट मात्र बदलली नाही. पहिल्या रेकॉर्डपासून प्रत्येक गाण्याच्या श्रेयात चौघांची नावे वर्णानुक्रमाने असत : बेरी, बक, मिल्स, स्टाइप. धून कोणाची, शब्द कोणाचे, असा भेद नव्हता आणि गीतलेखनाचा मोबदला समान वाटला जाई. कोणत्याही निर्णयावर कोणाही एकाला नकाराधिकार होता. रॉक संगीताच्या इतिहासात बँड फुटण्याचे एक मोठे कारण गीतलेखनाच्या हक्कांचे असमान वाटप हे आहे. पर्यायी हे विशेषण या बँडला लावायचेच असेल, तर ते गिटारच्या सुरापेक्षा या वाटणीला लावणे अधिक योग्य ठरेल.

या व्यवस्थेची परीक्षा १९९५ मध्ये झाली. 'मॉन्स्टर' या अल्बमनंतर सहा वर्षांनी निघालेल्या जागतिक दौऱ्यात १ मार्च रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे बेरी मंचावरच कोसळला. मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा आला होता. तातडीच्या शस्त्रक्रियेने तो बचावला. त्याच दौऱ्यात मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. दौरा मात्र पूर्ण झाला, आणि १९९६ मध्ये वॉर्नरशी ८ कोटी डॉलरचा म्हणून गाजलेला नवा करार झाला. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभर किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. 'क्लिअर चॅनेल' ही एकच कंपनी पुढे सुमारे १,२०० केंद्रांची मालक झाली. स्थानिक निवेदकाच्या निवडीला व्यापारी रेडिओवर उरलीसुरली जागाही राहिली नाही. विक्रमी करार आणि बँडला घडवणाऱ्या व्यवस्थेचा ऱ्हास हे एकाच वर्षातले आहेत.

ऑक्टोबर १९९७ मध्ये बेरीने बँड सोडला व तो शेतीकडे वळला. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे त्याने इतरांना आधी सांगितले होते. उरलेल्या तिघांनी १९९८ मध्ये 'अप' काढला. गीतांचे संपूर्ण शब्द छापलेला हा त्यांचा पहिला अल्बम. ज्यांची ओळखच पुटपुटण्याने झाली, त्यांनी अठरा वर्षांनी शब्द कागदावर दिले. पुढील काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 'रिव्हील' (२००१) मध्ये काही देखणी गाणी आहेत. 'अराउंड द सन' (२००४) निस्तेज आहे. 'ॲक्सेलरेट' (२००८) मध्ये जुना वेग परतला, आणि 'कोलॅप्स इनटू नाउ' (२०११) हा शेवटचा ठरला. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी बँड विसर्जित केल्याचे जाहीर केले. भांडण नाही, न्यायालय नाही. वॉर्नरचा करार पूर्ण झाला होता.

याच सुमारास अमेरिकेतील काही नामांकित विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थी रेडिओ केंद्रांचे परवाने विकायला काढले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचे के. टी. आर. यू. हे केंद्र ९५ लाख डॉलरला गेले. हस्तांतर २०११ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे के. यू. एस. एफ. आणि नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे केंद्र यांचीही तीच गत झाली. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली; ती निष्फळ ठरली. विद्यार्थी आता इंटरनेटवर ऐकतात, हवेतील वारंवारता पडून आहे आणि संस्थेला पैसा हवा आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. हिशेब म्हणून ते चूक म्हणता येणार नाही. परंतु १९८१ मध्ये एखाद्या कुलगुरूने हाच हिशेब मांडला असता, तर हजार प्रतींचे ते न समजणारे गाणे वाजले कुठे असते, याचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा? अथेन्सचे डब्ल्यू. यू. ओ. जी. मात्र विकले गेले नाही.

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे गीतलेखकांच्या सन्मानदालनात 'आर. ई. एम.' चा समावेश झाला. सन्मान एका गीतकाराचा नव्हता, चौघांचा मिळून होता. शेतीत रमलेला बेरीही आला होता. चौघांनी त्या संध्याकाळी एकच गाणे वाजवले, मेंडोलिनवर सुचलेले ते.